सालीतून डांबराकडे : क्विनोलिन आणि हिवतापाचे औषध

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेरू देशातील जेझुइट धर्मगुरूंनी अँडीज पर्वताच्या उतारांवर वाढणाऱ्या एका वृक्षाची कडू साल रोम शहरी पाठविली, आणि ज्या हिवतापाने त्या शहराभोवतीचा दलदलीचा मुलूख शतकानुशतके उजाड करून ठेवला होता त्या रोगावर पहिले खात्रीचे औषध युरोपच्या हाती आले. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, याच सालीने बरी झाली अशी एक कथा पुढे दीर्घकाळ मोठ्या भक्तिभावाने सांगितली गेली. ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. तथापि लिनीअसने १७४२ साली त्या वृक्षाला सिंकोना हे नाव दिले ते तिच्याच आधारे. औषधाच्या गुणाविषयी संशय उरला नव्हता. अडचण होती ती निराळीच. सिंकोनाच्या जाती अनेक; एकीच्या सालीत गुण भरपूर तर दुसरीच्या सालीत नाममात्र; व्यापारी त्यांत अन्य झाडांच्या साली बेलाशक मिसळीत, आणि वैद्याने दिलेली पूड कमी पडली की अधिक झाली हे रोगी उठून बसल्यावर किंवा दगावल्यावरच कळे.

ही अनिश्चितता १८२० साली संपली. पॅरिसमधील पेल्तिए आणि काव्हांतू या दोघा औषधशास्त्रज्ञांनी पिवळ्या सिंकोनाच्या सालीतून तिचे कडू सत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे काढले व त्याला क्विनीन हे नाव दिले. आपली कृती त्यांनी गुप्त ठेवली नाही. ती प्रसिद्ध केली, आणि त्यामुळे थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी क्विनीनचे कारखाने उभे राहिले. वैद्याला मात्रा तोलून देता येऊ लागली. परंतु त्याहूनही दूरगामी परिणाम झाला तो रसायनशास्त्रज्ञांच्या मनावर. हा पदार्थ जर ठराविक मूलद्रव्यांचा ठराविक प्रमाणात बनलेला आहे, तर तो झाडावाचून, रानावाचून, समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यावाचून प्रयोगशाळेतच का घडविता येऊ नये, हा प्रश्न तेथून पुढे शंभरांहून अधिक वर्षे त्यांचा पाठपुरावा करीत राहिला.

उत्तराचा पहिला धागा सापडला तो दगडी कोळशाच्या डांबरात. शहरांतील रस्ते उजळण्यासाठी कोळशापासून गॅस काढण्याची रीत त्या काळी पडली होती, आणि मागे उरणाऱ्या काळ्या, दुर्गंधी डांबराचे काय करावे हे कोणालाच सुचत नव्हते. बर्लिनजवळच्या ओरानियेनबुर्ग येथे फ्रीडलीब फेर्डिनांड रुंगे याने १८३४ साली त्या डांबराचे पृथक्करण करून जे अनेक पदार्थ वेगळे केले त्यांत एक उग्र वासाचे तेलकट द्रव्य होते. आठ वर्षांनी, १८४२ साली, शार्ल गेरहार्ट याने क्विनीन व त्याचे भावंड सिंकोनिन यांना दाहक पोटॅशबरोबर तीव्र उष्णता दिली, तेव्हा त्यांच्या विघटनातून बाहेर पडलेले तेल हे तेच द्रव्य असल्याचे पुढे निःसंशय ठरले. हेच क्विनोलिन. नऊ कार्बन, सात हायड्रोजन व एक नायट्रोजन एवढ्या अणूंचा हा रेणू. मधमाशीच्या पोळ्यातील मधली भिंत सामाईक असलेली दोन षट्कोनी घरे डोळ्यांपुढे आणावीत आणि त्यांच्या एका कोपऱ्यावर कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवावा, की त्याची आकृती पुरी झाली. अँडीजच्या वृक्षाने स्वतःच्या सालीत जे सांगाडे रचले होते त्यांचाच एक भाग युरोपातील गॅसच्या कारखान्यांच्या मागे टाकाऊ म्हणून पडला होता, ही गोष्ट आजही वाचताना मन थक्क होते.

या शोधाने उत्साह वाढला, पण ज्ञान मात्र अजून तोकडे होते. रेणूत अणू किती आहेत हे मोजता येत होते. ते परस्परांशी कसे जोडलेले आहेत हे ठाऊक नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत घरच्या लहानशा प्रयोगशाळेत केवळ अणूंची बेरीज जुळते म्हणून डांबरापासून निघालेल्या एका द्रव्याचे ऑक्सिडीकरण करून क्विनीन मिळविण्याचा घाट घातला. मिळाला तांबूस-तपकिरी गाळ. तोच प्रयोग त्याने ॲनिलीनवर करून पाहिला, तेव्हा भांड्यात जो काळा गाळ बसला त्यातून रेशमावर पक्का चढणारा जांभळा रंग निघाला. क्विनीन हाती आले नाही; त्याऐवजी कृत्रिम रंगांचा महाउद्योग जन्मास आला, आणि ज्या जर्मन रंगकारखान्यांनी पुढे तो उद्योग आपलासा केला त्यांच्याच प्रयोगशाळांतून सत्तर वर्षांनी क्विनोलिनाची औषधे बाहेर पडली. पर्किनचा तो फसलेला प्रयोग या इतिहासात म्हणूनच फार मोलाचा आहे.

तोपर्यंत भिस्त झाडावरच होती, आणि झाड दक्षिण अमेरिकेतील सरकारांच्या हाती. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणी व अंमलदार यांच्यासाठी क्विनीन विकत घेण्यापायी सरकारी तिजोरीवर दरसाल मोठा बोजा पडे. तेव्हा लंडनच्या इंडिया ऑफिसने क्लेमेंट्स मार्कहॅम याच्या तजविजीस मंजुरी देऊन सिंकोनाची रोपे व बी आणण्यासाठी त्याला १८५९ च्या अखेरीस पेरूकडे रवाना केले. मार्कहॅमने स्वतः जमविलेली रोपे वाटेतील उष्म्याने नष्ट झाली. परंतु त्याच मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस याने इक्वाडोरच्या अरण्यातून पाठविलेली तांबड्या सालीची जात निलगिरीवर उटकमंड येथे रुजली. मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली. पावसाळ्यातील अखंड धारा आणि त्यानंतरचे दीर्घ कोरडे महिने या झाडाला मानवले नाहीत. रोपे मरत गेली आणि काही वर्षांनी तो प्रयोग सोडून द्यावा लागला. सह्याद्रीवर हिवतापाचे औषध पिकविण्याचा तो यत्न आज बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे.

निलगिरीची तांबडी साल विपुल होती, पण तिच्यात क्विनीनचा अंश बेताचाच. उत्तम जातीचे बी मिळाले ते एका गरीब माणसाच्या जिवावर. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी मान्वेल इंक्रा मामानी हा आयमारा जमातीचा सेवक होता. झाडांची पारख त्याच्याइतकी कोणालाच नव्हती. बोलिव्हियातील सर्वोत्तम वृक्ष त्याने हेरून ठेवले होते, पण थंडीचा कडाका दरसाल फुलोरा मारी. लागोपाठ काही हंगाम वाट पाहून १८६५ साली त्याने पक्व बी आणून धन्याच्या स्वाधीन केले. लेजरच्या भावाने ते लंडनमध्ये विकावयास काढले असता इंग्रज सरकारने घेण्याचे नाकारले; डच सरकारने त्यातील अवघे एक पौंड बी अल्प किमतीत घेऊन जावा बेटावर पेरले. त्या बियांतून उगवलेल्या झाडांच्या सालीत क्विनीनचे प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत भरू लागले, जेथे इतर जातींत दोन-तीन टक्के निघाले तरी व्यापारी समाधान मानीत. मामानीला पुढे बी चोरून नेत असल्याच्या आरोपावरून बोलिव्हियात कैद करण्यात आले, आणि तुरुंगातील मारहाणीने व उपासमारीने तो मरण पावला. कोट्यवधी माणसांना ज्याच्या नजरेमुळे औषध मिळाले त्याचे नावही औषधाच्या इतिहासांत क्वचितच येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील बहुतेक सर्व क्विनीन जावातील सालीचे होते, आणि १९१३ साली मळेवाले व कारखानदार यांच्यात करार होऊन ॲम्स्टरडॅम येथील कचेरीतून त्याचे भाव व पुरवठा ठरविले जाऊ लागले. हिंदुस्थान सरकारने दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे आपला कारखाना चालविला, आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक पुडी या दराने क्विनीन विकण्याची व्यवस्था केली. पोस्टमास्तर पत्रे, मनिऑर्डरी यांबरोबर तापाची पुडीही देई. हा स्तुत्य उपक्रम होता. पण एवढ्या अवाढव्य देशाच्या गरजेपुढे तो पुरवठा नेहमीच अपुरा राहिला, आणि रयतेपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला तापाच्या हंगामात काढे व उपासच येत राहिले.

इकडे क्विनोलिनाची रसायनविद्या एक टप्पा पुढे सरकली. व्हिएन्ना येथे झ्डेंको स्क्राउप याने १८८० साली ॲनिलीन, ग्लिसरीन, गंधकाम्ल व नायट्रोबेंझीन एकत्र तापवून क्विनोलिन तयार केले. ही अभिक्रिया एकदा पेटली की इतकी अनावर होते की असावध प्रयोगकर्त्याच्या हातचे भांडे उसळून छतापर्यंत जावे. परंतु साहित्य स्वस्त, आणि ॲनिलीन बदलले की निराळ्या जागी निराळे अणुगट जोडलेले क्विनोलिन मिळावे, ही तिची खरी थोरवी. लगेच औषधांचा शोध सुरू झाला. ताप उतरविणारे कैरीन हे क्विनोलिनापासून बनविलेले औषध बाजारात आले व रोगी निळे पडू लागल्यामुळे लवकरच मागे पडले. क्नोर याने १८८३ साली तयार केलेले अँटिपायरीन पुष्कळ खपले. आपण क्विनोलिनाच्याच कुळातील पदार्थ बनविला अशी त्याची समजूत होती, ती मागाहून चुकीची ठरली. या सर्व यत्नांत एक मूलभूत गफलत होती. ही औषधे अंगाची उष्णता उतरवीत, परंतु हिवताप ज्यामुळे येतो त्या कारणाला त्यांचा स्पर्शही होत नसे.

ते कारण त्याच सुमारास उघड होत होते. अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां याने १८८० च्या नोव्हेंबरात एका सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी जिवंत हालताना पाहिला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठराच्या भित्तीत त्याची वाढ शोधून काढली. औषध मारणार कशाला हे आता ठाऊक झाले. पाऊल एर्लिख याने १८९१ साली बर्लिनमध्ये मेथिलीन ब्लू हा रंग देऊन हिवतापाचे दोन रोगी बरे केले, आणि कारखान्यात बनलेला पदार्थ रक्तातील परजीवीला मारू शकतो हे प्रथमच सिद्ध झाले.

तरीही हे ज्ञान जवळजवळ तीस वर्षे तसेच पडून राहिले, आणि ते जागे झाले युद्धाने. पहिल्या महायुद्धात दोस्तांच्या आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली तेव्हा जावाचे क्विनीन तेथे पोहोचेना. पूर्व आफ्रिकेत वेढल्या गेलेल्या जर्मन फौजेने अमानी येथील संशोधन केंद्रातील सिंकोनाची साल उकळून कडूजहर अर्क काढला आणि त्यावर दिवस काढले. मॅसिडोनियाच्या आघाडीवर तर दोन्ही बाजूंच्या फौजा गोळीपेक्षा तापाने अधिक लोळविल्या. युद्ध संपताच एल्बरफेल्ड येथील बायरच्या प्रयोगशाळेने झाडाची गरज कायमची संपविण्याचे काम हाती घेतले. शुलेमान व त्याचे सहकारी एर्लिखच्या मेथिलीन ब्लूपासून निघाले. त्यांनी त्या रेणूला नायट्रोजनयुक्त शृंखला जोडली, गुण वाढलेला दिसला, आणि मग तीच शृंखला त्यांनी क्विनोलिनाच्या वलयावर आठव्या स्थानी नेऊन बसविली.

या संशोधनाची किल्ली होती कॅनरी पक्ष्यांच्या पिंजऱ्यांत. माणसाचा हिवताप प्रयोगशाळेतील प्राण्यांना होत नाही, म्हणून नवे औषध तपासावे कशावर हा प्रश्न होता. विल्हेल्म रोहल याने पक्ष्यांना होणारा हिवताप वापरला. बाधित पक्ष्याचे रक्त निरोगी कॅनरीला टोचावयाचे, बारीक नळीने औषध त्याच्या पोटात सोडावयाचे, आणि रोज पायाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन परजीवी किती दिवसांनी दिसतात ते पाहावयाचे. जितका उशीर, तितके औषध प्रभावी. शेकडो पदार्थ या चाळणीतून गेले आणि त्यांतून प्लाझमोक्विन उतरले. १९२६ मध्ये ते जाहीर झाले. माणसांवरील चाचण्या डुसेलडॉर्फच्या मनोरुग्णालयात सिओली याने केल्या. उपदंशाने मेंदू ग्रासलेल्या रोग्यांना उपचार म्हणूनच हिवताप टोचण्याची रीत त्या काळी मान्य होती, आणि वाग्नर-याउरेग याला तिच्याबद्दल १९२७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. त्या अभागी रोग्यांची संमती कोणी विचारली असेल असे वाटत नाही.

प्लाझमोक्विन हे मानवाने घडविलेले हिवतापावरील पहिले क्विनोलिन औषध. तापाचा जोर मोडण्यात ते क्विनीनपेक्षा उणे पडले. उलट पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाला ते रोखी, जे क्विनीनला कधीच साधले नव्हते. मात्र काही रोग्यांच्या तांबड्या रक्तपेशी ते फोडून टाकी, आणि असे कोणाला होईल याचा अंदाज लागत नसे. रोहल १९२९ मध्ये अकाली वारला. त्याच प्रयोगशाळेने १९३१ च्या सुमारास तीन वलयांचे मेपॅक्रिन, म्हणजे ॲटेब्रिन, तयार केले. ते पिवळा रंगच होते आणि माणसाची कातडीही पिवळी करी.

आणि मग १९३४ साली ती घटना घडली जिच्यावर या साऱ्या इतिहासाचे पारडे फिरते. हान्स आंडरझाग याने मेपॅक्रिनमधील एक वलय कमी केले, शृंखला तशीच ठेवली आणि ती क्विनोलिनाच्या चौथ्या स्थानी जोडली. या पदार्थाला रेझोखिन हे नाव मिळाले. पक्ष्यांवर तो गुणकारी ठरला. पण मोजक्या चार रोग्यांना देऊन पाहताच सिओलीच्या रुग्णालयाने तो व्यवहारात वापरण्यास फार विषारी असल्याचा निर्वाळा दिला. एवढ्याशा पुराव्यावर हिवतापावरील शतकातील सर्वांत उपयुक्त औषध बाजूला पडले. आंडरझागने त्यात एक मेथिल गट वाढवून झोंटोखिन बनविले आणि कारखान्याचे लक्ष तिकडे वळले. दुर्दैव असे की कारखान्याच्या अमेरिकन भागीदाराकडे या पदार्थांची माहिती व पेटंटे पोहोचली होती, आणि तेथेही ती दप्तरात बंद झाली.

मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या हाती पडले. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्विनीन एका आठवड्यात दोस्तांच्या आवाक्याबाहेर गेले. फिलिपाईन्समधील बतान द्वीपकल्पात वेढलेल्या फौजेचे क्विनीन संपले आणि शरणागतीच्या वेळी तिच्यातील हजारो शिपाई तापाने उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते. हातात उरले मेपॅक्रिन. ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअरली याने स्वयंसेवक सैनिकांना डास चाववून, डोंगर चढावयास लावून, थंड पाण्यात पोहावयास लावून सिद्ध केले की रोज शंभर मिलिग्रॅमची एक गोळी नेमाने घेतली तर ताप येत नाही. पण गोळी कडू, कातडी पिवळी, आणि तिने पुरुषत्व जाते अशी अफवा. शिपाई ती थुंकून टाकीत.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ साली जखमी होऊन मागे पाठविलेल्या एका शिपायामागे आजारी पडलेले एकशेवीस, अशी जनरल स्लिम यांच्या सैन्याची स्थिती होती. स्लिम यांनी अचानक पलटणींतील प्रत्येकाची तपासणी करविण्यास आरंभ केला. पंचाण्णव टक्क्यांहून कमी जणांच्या अंगात औषध आढळले तर त्या पलटणीच्या मुख्याधिकाऱ्याला तत्काळ बडतर्फी. तीनच अधिकारी घालवावे लागले, आणि गोळ्या वेळेवर गिळल्या जाऊ लागल्या. औषध असणे आणि ते नेमाने घेतले जाणे या भिन्न बाबी आहेत हे त्या सेनापतीने जितके ओळखले तितके पुढे अनेक आरोग्य खात्यांनी ओळखले नाही.

अमेरिकेने युद्धकाळात विद्यापीठे, कारखाने आणि लष्कर एकत्र आणून चौदा हजारांहून अधिक पदार्थ तपासले. वुडवर्ड व डोअरिंग यांनी १९४४ मध्ये क्विनीनच्या संश्लेषणाचा मार्ग प्रसिद्ध केला व वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गवगवा केला, पण त्या मार्गाने रणांगणासाठी एक गोळीही बनण्यासारखी नव्हती. खरा लाभ झाला तो ट्यूनिसमध्ये. तेथील फ्रेंच डॉक्टर झोंटोखिनची चाचणी करीत होते. मे १९४३ मध्ये शहर दोस्तांच्या ताब्यात येताच त्या गोळ्या व त्यांच्या नोंदी अमेरिकनांच्या हाती पडल्या. पृथक्करण झाले, जुनी दप्तरे उघडली गेली, आणि जो पदार्थ त्यांतून सर्वांत सरस ठरला तो ‘एसएन-७६१८’ या क्रमांकाचा. तो म्हणजे आंडरझागचे रेझोखिनच. त्याला आता क्लोरोक्वीन म्हणू लागले. विषारी म्हणून टाकून दिल्यानंतर नऊ वर्षांनी तो निर्धोक ठरला, आणि त्या नऊ वर्षांत हिवतापाने नेलेल्या माणसांची मोजदाद कोणाच्या दप्तरी नाही.

या यशाची काळी बाजूही नोंदविली पाहिजे. इलिनॉयमधील स्टेटव्हिल तुरुंगात शेकडो कैद्यांना हिवताप देऊन औषधे तपासली गेली. त्यांनी संमतिपत्रे लिहून दिली होती, पण बंदिवानाची संमती कितपत मोकळी हा प्रश्न उरतोच, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात जर्मन डॉक्टरांच्या बचावाने त्याच प्रयोगांकडे बोट दाखविले. डाखाऊच्या छळछावणीत क्लाउस शिलिंग याने हजारांहून अधिक कैद्यांना बळजबरीने हिवताप दिला. त्याबद्दल त्याला १९४६ साली फाशी झाली. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. तरीही हे औषध ज्यांच्या शरीरांवर पारखले गेले त्यांत मनोरुग्ण, कैदी आणि शिपाई हेच होते, ही वस्तुस्थिती राहते.

युद्धानंतर क्लोरोक्वीनने पंधरा वर्षे जग जिंकले. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून तेथील हीमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे लोहयुक्त हीम त्याला विष असते, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवितो. क्लोरोक्वीन नेमके ते स्फटिक बनू देत नाही, आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. तीन दिवसांचा उपचार, स्वस्त किंमत, गर्भवतीलाही चालणारे औषध. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरसाल साडेसात कोटी माणसांना हिवताप होई व आठ लाख मरत असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, भिंतींवर डी.डी.टी. आणि तापकऱ्याच्या पोटात क्लोरोक्वीन अशी दुहेरी मोहीम होती. पंधरवड्याला दारी येणारा हिवतापाचा कर्मचारी, त्याने बोटाला सुई टोचून काचेवर घेतलेला रक्ताचा ठिपका, हातावर ठेवलेल्या चार गोळ्या आणि दाराशेजारी रंगविलेल्या चौकटीत लिहिलेली भेटीची तारीख, हे महाराष्ट्रातील खेडोपाडीचे परिचित दृश्य झाले. १९६५ साली देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. असे यश आपल्या आरोग्य खात्याला त्याआधी कधी आले नव्हते.

ऱ्हासाची बीजे मात्र त्याच काळात पेरली जात होती. ब्राझीलमध्ये व पुढे कंबोडियात खाण्याच्या मिठातच औषध मिसळून वाटण्यात आले. हेतू उदात्त, पण परिणाम असा की लाखो शरीरांत परजीवीला मारण्यास अपुरी, मात्र त्याला सरावविण्यास पुरेशी मात्रा महिनोन् महिने राहिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सरहद्दीवर, जेथे रत्नांच्या खाणींत देशोदेशीचे मजूर येत-जात, आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियात क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपेरम जातीचा परजीवी आढळला. १९७३ मध्ये तो आसामात दिसला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत. भारतात डी.डी.टी.ला सरावलेले डास, कमी झालेला पैसा आणि यशाने आलेली सुस्ती यांचीही भर पडून १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. आफ्रिकेत किंमत फार जबर होती. स्वस्त म्हणून निकामी औषधच वर्षानुवर्षे दिले जात राहिले आणि मुले दगावत राहिली. दोष रसायनाचा नव्हता. एकाच औषधावर सारा भार टाकून ते विस्कळीतपणे वाटण्याच्या धोरणाचा तो दोष होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याला बळकटी देणारा पुरावा मलावीतून आला. त्या देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्वीन देणे थांबविले, आणि बारा वर्षांनी मुलांवर पुन्हा चाचणी केली तेव्हा ते जवळजवळ प्रत्येकाला लागू पडले.

फाल्सिपेरमसाठी पुढे मेफ्लोक्विन आले, आणि चीनमधील दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीतून निघालेले आर्टेमिसिनिन आले. क्विनोलिनाचे कूळ मात्र इतरत्र पसरत गेले. क्लोरोक्वीनच्या उत्पादनातील एका उपपदार्थावरून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल मिळाले व त्याच्या वंशात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके निपजली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन संधिवाताच्या व ल्यूपसच्या रोग्यांचा आधार बनले, आणि २०२० च्या साथीत ते कोरोनावर चालते या घाईच्या समजुतीपायी त्याच रोग्यांना ते मिळेनासे झाले. जुलाबावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या क्लिओक्विनॉलने जपानमध्ये सुमारे दहा हजार माणसांचे पाय व डोळे अधू केले, तेव्हा १९७० मध्ये तेथे त्यावर बंदी आली. आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर २०१२ पासून मिळू लागलेले बेडाक्विलिन हेही क्विनोलिनच. त्याच्या पेटंटची मुदत लांबविण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला, आणि त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची क्षयातून वाचलेली एक तरुणी होती.

प्लाझमोक्विनचा वंशही चालू आहे. युद्धकाळातील अमेरिकन संशोधनातून त्याचाच सुधारलेला भाऊ प्रायमाक्विन निघाला, कोरियाहून परतणाऱ्या सैनिकांना तो देण्यात आला, आणि त्याने काहींच्या रक्तपेशी का फुटतात याचे कारण, जी६पीडी या विकराची जन्मजात उणीव, १९५६ मध्ये उमगले. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहतो व महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तेथून हुसकण्यासाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आजही तीन दिवस क्लोरोक्वीन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन दिले जाते. ताप तिसऱ्या दिवशीच उतरतो, म्हणून बहुतेक माणसे उरलेल्या गोळ्या फडताळात टाकतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी व्हायव्हॅक्सचा रोगी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जी६पीडीची खात्री करून घेऊन त्याला चौदाव्या दिवसापर्यंत गोळी द्यावी.